ताबा घेणारा माणूस

"आजोबा, तुमच्या पिस्तुलाची स्प्रिंग म्हातारी झाली हे तुम्हाला कळतं कसं?"

नात नऊ वर्षांची. राहायची लांबच्या शहरात, आईबाबांबरोबर. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा आणि दर रविवारी तिच्याकडे एक नवा प्रश्न असायचा. आजोबा पावणेदहापासून फोनशेजारी खुर्ची ओढून बसलेले असायचे. पण पहिल्या घंटीला फोन उचलायचा नाही असा त्यांनी स्वतःला दंडक घालून घेतला होता. नाहीतर मुलीला वाटायचं, बाबांना दुसरं काही काम नाही.

"तुझं ते टिकटिक करणारं पेन आण आधी," आजोबा म्हणाले. "आणलंस? उघड. आतली स्प्रिंग काढ. आता घरात कुणाचं नवंकोरं पेन असेल तर त्याचीही काढ."

"बाबांचं आहे."

"बाबांना सांगू नकोस. दोन्ही स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या कर. काय दिसतं?"

पलीकडून पेनांची खुडबुड ऐकू आली. मग आरोळी आली, "माझी बुटकी आहे!"

"झालीस तू मिस्त्री. आता सांग, बुटकी का झाली? दिवसातून किती वेळा टिकटिक करतेस?"

"बाई ओरडेपर्यंत."

"हं. तर लक्षात ठेव. नुसती दाबून ठेवली म्हणून चांगली स्प्रिंग सहसा थकत नाही. महिनाभर दाबून ठेव, सोडलीस की पुन्हा ताठ उभी राहील. तिला थकवते ती ये-जा. प्रत्येक खेपेला केसाएवढं काहीतरी झिजतं. एका खेपेचं कळत नाही, हजार खेपांचं कळतं."

मग त्यांनी तिला पिस्तुलाच्या आतल्या तीन मुख्य स्प्रिंगा सांगितल्या. मॅगझीनमधली एक, ती काडतुसं वर ढकलते. ती थकली की शेवटचं काडतूस वर यायला कंटाळा करतं. घोड्यामागची एक, ती थकली की घोडा काडतुसावर जोरात आपटण्याऐवजी नुसती टिचकी मारतो. आणि सगळ्यांत कष्टाळू ती नळीखालची. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा जड भाग, म्हणजे स्लाइड, मागे फेकला जातो, आणि ही एकटी त्याला धरून पुन्हा जागेवर आणते. ती थकली की रिकाम्या पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब उडायला लागतात. मिस्त्रीने जमिनीवर खडूची रेघ मारून ठेवायची आणि बघायचं, पुंगळ्या रेघेपलीकडे पडतात का.

"म्हणजे ती ओरडत नाही, आपणच बघायचं?"

"आपणच बघायचं," आजोबा म्हणाले. तेवढ्यात पलीकडून तिला आंघोळीसाठी हाक आली आणि फोन बंद झाला. सात मिनिटं झाली होती. मागच्या रविवारी अकरा झाली होती.

पोलीस खात्याच्या शस्त्रागारात आजोबांना सगळे वैद्यबुवा म्हणत. पिस्तूल कानाशी धरून स्लाइड हळूच सोडायची आणि डोळे मिटून ऐकायचं, अशी त्यांची सवय होती, त्यावरून पडलेलं हे नाव. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला ते खोडायला लावलं नाही. सोमवारी सकाळी त्यांनी डबा भरला, हत्यारांची पेटी उचलली, दाराला कुलूप घातलं आणि कुलपाकडे तोंड करून नेहमीप्रमाणे म्हणाले, "येतो गं." बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. शेजारच्या काकूंनी एकदा हे ऐकलं होतं आणि त्या भल्या बाईने तेव्हापासून त्या वेळेला आपलं दार बंद ठेवायला सुरुवात केली होती.

त्या दिवशी वार्षिक तपासणी होती मुद्देमालाच्या तळघरातल्या पिस्तुलाची.

खटल्यांत पकडलेल्या वस्तू निकाल लागेपर्यंत जिथे ठेवतात ते हे तळघर. सायकली, सुऱ्या, टेलिफोन, एक शिवणयंत्र, चिठ्ठ्या लावलेले शेकडो पुडे. एकवीस पायऱ्या उतरल्या की लोखंडी जाळीचं दार, दाराअलीकडे एक टेबल, एक खुर्ची, भिंतीतली लोखंडी पेटी आणि एक जुना तारेचा फोन, जो फक्त इमारतीतल्या इमारतीत चालायचा. खिडकी नाही. मोबाईल आणि रेडिओ आणायला बंदी. सकाळी सात ते संध्याकाळी सात तिथे एक पहारेकरी बसायचा. रात्री आकड्यांचं नवं कुलूप आणि भोंगा पहारा द्यायचे.

इतर ठिकाणी शिपायाचं पिस्तूल शिपायाच्या नावावर असतं. इथे मात्र पिस्तूल जागेचं होतं, माणसाचं नव्हतं. पूर्वी इथे दोघं असायचे, एक दिवसाचा, एक रात्रीचा. पाळी बदलताना जाणाऱ्याने मॅगझीन काढायचं, स्लाइड तीनदा पूर्ण मागे खेचून पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवायचं आणि म्हणायचं, "ताबा दिला." येणाऱ्याने आत डोकावून बघायचं, करंगळी घालून चाचपायचं आणि म्हणायचं, "ताबा घेतला." मग दोघांनी सही करायची. या खेचाखेचीमुळे नळीखालची स्प्रिंग इथे दर दोन वर्षांनी बदलावी लागायची. दोन वर्षांपूर्वी नवं कुलूप आलं, रात्रीच्या माणसाची बदली झाली. वैद्यबुवांनी तेव्हा नवी स्प्रिंग बसवली आणि मनात म्हणाले, आता ताबाच नाही म्हणजे खेचाखेच नाही, ही स्प्रिंग माझ्या निवृत्तीपर्यंत पुरेल. मागच्या वर्षी तर त्यांनी ती काढून मोजलीही नव्हती. रजिस्टरमध्ये सरावाच्या दहा फैरी दिसल्या, त्यांनी 'ठीक' लिहिलं आणि वर निघून गेले.

पहारेकरी उठून उभा राहिला. छप्पन्न वर्षांचा, शर्टाची सगळी बटणं लावलेला, दाढी गुळगुळीत.

"या वैद्यबुवा. वर्ष झालं."

"झालं बघा. तब्येत काय म्हणते?"

"माझी का पिस्तुलाची?"

"आधी पिस्तुलाची. तुमची तपासायला मला अधिकार नाही."

पहारेकरी हसला. हसताना त्याचा आवाज घशात अडखळला, बऱ्याच दिवसांत वापरला नसावा तसा.

वैद्यबुवांनी टेबलावर फडकं पसरलं. मॅगझीन काढलं, आत डोकावून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, तोंड छताकडे करून स्लाइड मागे नेली आणि हाताने धरून अगदी हळू पुढे येऊ दिली. धट्ट्याकट्ट्या स्प्रिंगेची स्लाइड अशी सोडली तरी शेवटपर्यंत जाऊन बसते. ही बसली नाही. शेवटचं बोटभर अंतर रांगत गेली आणि जागेच्या किंचित अलीकडे थांबली.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तिथेच थांबली.

स्प्रिंग काढून त्यांनी पेटीतली नवी तिच्या शेजारी उभी केली. जुनी चांगली चार वेटोळी आखूड होती.

तळघरात कुठेतरी पाण्याचा नळ टपटपत होता. वैद्यबुवांनी रजिस्टर पुढे ओढलं. दोन वर्षांत वीस फैरी, काडतुसांचा हिशोब बरोबर. वीस फैरींनी स्प्रिंगेचं हे होत नाही. याला हजारो लागतात.

नियम त्यांना तोंडपाठ होता. झीज आणि नोंद जुळत नसेल तर बेकायदा गोळीबाराचा संशय. पिस्तूल सील, पहारेकऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं, चौकशी. आणि चौकशी एकदा सुरू झाली की दोन दोन वर्षं चालायची. या माणसाची नोकरी दोनच वर्षं उरली होती.

"काय झालं?" पहारेकऱ्याने विचारलं.

"स्प्रिंग गेलीय."

"गेली तर बदला की."

"तशी नाही गेली. वापरून वापरून गेलीय. आणि रजिस्टर म्हणतं, कुणी वापरली नाही. मला हे वर लिहून द्यावं लागेल."

पहारेकऱ्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "म्हणजे मला काढतील?"

"चौकशी होईपर्यंत घरी बसवतील."

"घरी?" पहारेकरी म्हणाला, आणि एवढंच म्हणाला. पण तो शब्द त्याने असा उच्चारला की वैद्यबुवांनी वर बघितलं. रिकाम्या घराचं कुलूप रोज उघडणाऱ्याला तो सूर ओळखू येतो.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. घाईने रोगाचं नाव लिहिणारा वैद्य कसला, असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी पिस्तुलाचा एकेक भाग उजेडात धरला. नळीतून पाहिलं. आतल्या खाचा धारदार, काजळीचा मागमूस नाही. काडतुसाचं बूड जिथे टेकतं ती जागा पाहिली. हजारो गोळ्या सुटल्या असत्या तर तिथे पितळेचं कडं उमटलं असतं. काही नव्हतं. मॅगझीनची स्प्रिंग मोजली. नव्याइतकी उंच. हजारो काडतुसं भरून रिकामी केली असती तर ती अशी ताठ राहिली नसती.

म्हणजे गोळ्या सुटल्या नव्हत्या. फक्त स्लाइड मागेपुढे झाली होती.

मग त्यांनी स्लाइडची मागची बाजू पाहिली. बोटांची पकड बसावी म्हणून तिथे उभ्या रेघा कोरलेल्या असतात. त्या घासून घासून भांड्यासारख्या चकाकत होत्या.

"हात दाखवा," वैद्यबुवा म्हणाले.

पहारेकऱ्याने निमूटपणे उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या पेरावर आणि शेजारच्या बोटाच्या कडेला कठीण घट्टे पडले होते.

"किती वेळा खेचता?"

पहारेकऱ्याने हात मागे घेतला. मग खुर्चीवर बसला, आणि टेबलाच्या कडेवरून नख फिरवत म्हणाला, "हसाल तुम्ही."

"मी पेनाच्या स्प्रिंगेवर रविवारची सकाळ घालवतो. मी कशाला हसतोय?"

"लांब्या होता ना, रात्रीचा? अकरा वर्षं त्याने सकाळी मला ताबा दिला, संध्याकाळी मी त्याला. दुसरं बोलणं आमचं फारसं नव्हतं. त्याला घरी जायची घाई, मला यायची. पण ते तेवढं बोलणं रोजचं. तो गेला, आणि साहेबलोक म्हणाले, आता ताबा नाही, पेटी उघडा आणि बसा. पहिल्या दिवशी पेटी उघडली, पिस्तूल घेतलं, तर हाताला कसंसंच झालं. कुणी दिल्याशिवाय घेतलेलं. चोरल्यासारखं. म्हणून मीच तीनदा खेचलं आणि म्हटलं, ताबा दिला."

"आणि?"

"आणि मीच म्हटलं, ताबा घेतला. आधीचं 'दिला' मात्र लांब्याच्या आवाजात. तो घोगरा बोलायचा. म्हटलं, करायचं तर नीट करावं."

वैद्यबुवा हसले नाहीत, पण मिशीखाली थोडं काही हललं. पहारेकऱ्यालाही ते दिसलं आणि तो जरा सैलावला.

"सकाळ-संध्याकाळच करायचो सुरुवातीला. मग दुपार फार लांब वाटायला लागली. म्हणून बारालाही करायला लागलो. मग दर तासाला. काडतुसांचं मॅगझीन पेटीत बंद असतं तेव्हा, शपथेवर सांगतो. नियमाबाहेर काही नाही. फक्त..." तो थांबला. "इथे दिवसभर आवाज होत नाही हो. तो खटका वाजला की कुणी आल्यासारखं वाटतं."

वैद्यबुवांनी रजिस्टरच्या पाठीमागे पेन्सिलीने आकडे मांडले, नातीला शिकवावं तसे मोठ्याने बोलत. "दिवसाला बारा ताबे. एका ताब्याला तीन खेपा. छत्तीस. वर्षाला तीनशे दिवस धरू. दहा हजार आठशे. दोन वर्षं. एकवीस हजार सहाशे." त्यांनी चष्मा काढून फडक्याने पुसला. "ही स्प्रिंग पाच हजारांची. बिचारीने चौपट ओढलं."

"मला ठाऊक नव्हतं, नुसतं खेचूनही थकते म्हणून."

"मला ठाऊक होतं," वैद्यबुवा म्हणाले. "मी मागच्या वर्षी मोजायला हवी होती."

त्यांनी तिथेच बसून अहवाल लिहिला. नवी स्प्रिंग बसवली, स्लाइड सोडली, ती खटकन जागेवर बसली. जुनी स्प्रिंग चुकून कुणाच्या पिस्तुलात जाऊ नये म्हणून कापून टाकायची असते. ती त्यांनी कापली नाही. फडक्यात गुंडाळून वर घेऊन गेले.

वरच्या मजल्यावरच्या मॅडम खात्यात नव्या होत्या आणि कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला.

"वैद्यबुवा, हे काय आहे? स्प्रिंग झिजलीय, नोंद जुळत नाही, आणि तुम्ही लिहिता गोळीबार झालेला नाही. हे ठरवणारे तुम्ही कोण? चौकशी ठरवेल."

"चौकशीलाही मलाच बोलावतील मॅडम. तेव्हा जे सांगेन ते आत्ताच सांगतो." त्यांनी टेबलावर फडक्यातली स्प्रिंग आणि पेटीतली आणखी एक नवी, अशा दोन्ही शेजारी उभ्या केल्या. "कुठली जुनी?"

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. वर्गात उभं केल्यासारखं त्यांना वाटलं असावं. पण बोट त्यांनी बरोबर ठेवलं. मग वैद्यबुवांनी नळी सांगितली, मॅगझीन सांगितलं, चकाकणाऱ्या रेघा सांगितल्या, घट्टे सांगितले. एकवीस हजार सहाशे सांगितले.

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. "म्हणजे हा माणूस दोन वर्षं रिकाम्या खोलीला ताबा देत होता?"

"नियमाप्रमाणे देत होता. घेणारा आपण काढून घेतला."

"डॉक्टरला दाखवायला हवं का त्याला?"

"मग मलाही न्यावं लागेल, मॅडम. मी रोज कुलपाशी बोलतो."

त्या हसल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिल्या. खाली आवारात कुणीतरी मोटार धूत होतं. "यात तुमचीही चूक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "मागच्या वर्षीचं 'ठीक' तुमच्या सहीचं आहे."

"लिहिलंय तसं. तिसरी ओळ."

मॅडमनी तिसरी ओळ शोधली. मग अहवालाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात शेरा लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता वाचून दाखवला. गोळीबार झालेला नाही, चौकशीची गरज नाही. यापुढे विनाकारण स्लाइड खेचू नये. मिस्त्रीला ताकीद. पहारेकऱ्याला समज.

"आणि ताबा?" वैद्यबुवांनी विचारलं.

"ताबा काय? दुसरा माणूस मी देऊ शकत नाही. मंजुरीच नाही."

"माणूस नको. एक वाक्य द्या."

मॅडमनी पेन गालाला टेकवलं. थोड्या वेळाने आणखी दोन ओळी लिहिल्या. रोज संध्याकाळी सात वाजता पहारेकऱ्याने पिस्तूल पेटीत ठेवून आतल्या फोनवरून शस्त्रागाराला ताबा द्यावा. शस्त्रागाराने तो घ्यावा आणि नोंद करावी.

"शस्त्रागार साडेपाचला बंद होतं ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मी असतो सातपर्यंत," वैद्यबुवा म्हणाले. तोपर्यंत ते कधीही नसायचे. साडेपाचनंतर कुठे जायचं हा प्रश्न मात्र रोज असायचा.

तळघरात उतरून त्यांनी पहारेकऱ्याला शेरा वाचून दाखवला. नोकरी राहिली हे ऐकून त्याने डोळे मिटले. खेचायचं नाही, हे ऐकून उघडले.

"एकदाही नाही?"

"वर्षातून एकदा मी येईन तेव्हा, माझ्यासमोर."

"मग दुपारचं काय करू?" त्याने विचारलं. वैद्यबुवांनी पेटीतून पक्कड काढली, जुनी स्प्रिंग मधोमध कापली आणि दोन्ही तुकडे फडक्यात टाकले. पहारेकरी ते बघत होता.

संध्याकाळी शस्त्रागारातली बाकीची मंडळी निघून गेली. वैद्यबुवांनी दिवे मालवले नाहीत. भिंतीवर रांगेने टांगलेली कुलुपं, तेलाचा वास, मोठं घड्याळ. पावणेसातला त्यांनी खुर्ची फोनशेजारी ओढली. सातला घंटी वाजली आणि रविवारचा दंडक विसरून त्यांनी फोन पहिल्याच टणत्काराला उचलला.

"तळघर," पलीकडून आवाज आला. उगाच खणखणीत, कवायतीतल्यासारखा. "ताबा दिला."

"ताबा घेतला," वैद्यबुवा म्हणाले.

"तुम्ही घोगरे नाही बोलत," पहारेकरी म्हणाला.

"सर्दी झाली की बोलतो."

पलीकडे घशात अडखळलेलं ते हसू पुन्हा एकदा आलं. वैद्यबुवांनी वहीत वेळ लिहिली आणि सही केली. काम संपलं होतं. फोन कानाशी तसाच होता, आणि तारेतून तळघरातल्या नळाची टपटप ऐकू येत होती. ताबा कुणी द्यायचा, कुणी घ्यायचा, नोंद कुणी करायची, हे सगळं शेऱ्यात होतं. फोन आधी कुणी ठेवायचा, हे मॅडमनी लिहिलं नव्हतं.